हरण्याचं संयुक्त खातं

लास वेगासला निघालेल्या जोडप्याला तिथे चार वेळा जाऊन आलेली मंडळी एक सल्ला हमखास देतात. दोन कार्डं काढत बसू नका. एकाच्या नावाने काढा, त्याच खात्याचं दुसरं कार्ड काउंटरवरून मागून घ्या आणि दोघंही त्यावरच खेळा. हे कार्ड म्हणजे कॅसिनोचं प्लेअर्स कार्ड. स्लॉट मशीनच्या खाचेत ते सरकवायचं, पत्त्यांच्या टेबलावर बसलात तर सुपरवायझरच्या हाती द्यायचं, आणि मग जितकं खेळाल तितके पॉइंट खात्यावर जमा. पॉइंटांवर जेवण मिळतं, खोली मिळते, वर्षभरात पुरेसा खेळ झाला की गोल्डचं प्लॅटिनम आणि प्लॅटिनमचं डायमंड होतं. दोघांचा खेळ एका खात्यावर पडला तर ही पायरी निम्म्या वेळात चढता येईल, हा त्या सल्ल्यामागचा विचार. संसारी माणसाला तो लगेच पटतो. रेशनकार्ड एक, गॅसची जोडणी एक, मग पॉइंटच तेवढे नवऱ्याचे वेगळे आणि बायकोचे वेगळे कशाला? पण रेशनकार्डावर घरात काय येतं ते लिहिलेलं असतं. प्लेअर्स कार्डावर घरातून काय जातं त्याची नोंद होते. दोन माणसांची हार एकाच आकड्यात मिसळली तर कॅसिनोचं काहीच बिघडत नाही, घराला मात्र कोण किती हरतंय ते कळेनासं होतं. म्हणून हा सल्ला मला निव्वळ निरुपयोगी वाटत नाही, घातक वाटतो. तो का, ते जरा आकड्यांत शिरूनच सांगावं लागेल.

सुरुवात या कार्डाच्या हेतूपासून करायला हवी, कारण ‘बक्षीस’ या शब्दाने बहुतेकांची तिथेच फसगत होते. अमेरिकेतल्या हॅराज या कॅसिनो कंपनीने 1997 साली आपल्या सगळ्या कॅसिनोंत चालणारं एकच कार्ड आणलं. पुढच्याच वर्षी गॅरी लव्हमन हे हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक कंपनीत अधिकारी म्हणून आले आणि नंतर प्रमुख झाले. या कार्डातून काय हाती लागलं ते त्यांनी 2003 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये स्वतःच लिहून ठेवलं आहे: येणाऱ्यांपैकी 26 टक्के लोक 82 टक्के उत्पन्न देत होते. आणि हे 26 टक्के लोक म्हणजे लिमोझीनमधून उतरणारे धनाढ्य नव्हेत. ते होते मध्यमवयीन आणि निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँकेतले लोक, कारखान्यातले कारागीर. हाताशी थोडा वेळ, थोडा पैसा आणि स्लॉट मशीनची आवड असलेले. अशा माणसाला गर्दीतून शोधायचं, तो कधी येतो, किती लावतो, किती वेळ टिकतो हे टिपायचं आणि त्याला पुन्हा बोलवायचं, यासाठी कार्ड आहे. पुढे हॅराजची सीझर्स झाली. 2015 च्या जानेवारीत तिचा मुख्य उद्योग दिवाळखोरीत गेला, तेव्हा घेणेकऱ्यांच्या भांडणात या ग्राहकनोंदीची किंमत 1 अब्ज डॉलर धरली गेल्याच्या बातम्या होत्या. वेगासच्या ‘स्ट्रिप’ या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरच्या मोक्याच्या इमारती कंपनीकडे असताना लोकांच्या खेळण्याच्या नोंदवहीला हा भाव आला होता. जी गोष्ट आपल्याला फुकट दिली जाते ती देणाऱ्याच्या तिजोरीत एवढी मोलाची का, एवढा प्रश्न तरी कार्ड खाचेत घालताना पडायला हवा.

आता एका मशीनसमोर बसलेल्या बाईकडे जवळून पाहू. मशीन ‘पेनी स्लॉट’ म्हणून ओळखलं जातं. हे नावच लबाड आहे, कारण त्यावर एका सेंटाचा डाव कुणी खेळत नाही. पडद्यावरच्या सगळ्या रेघा धरल्या की एका डावाला, समजा, 60 सेंट लागतात. बटण दाबायला आणि चक्रं थांबायला सहा-सात सेकंद, म्हणजे तासाला पाचशे डाव सहज होतात. तासाभरात त्या बाईने 300 डॉलर ‘लावले’. पर्समधून एवढे गेले नाहीत, मधूनमधून जिंकलेले पैसेच पुन्हा लावले गेले, पण मशीनच्या हिशेबात खेळ 300 डॉलरचा झाला. याला कॉइन-इन म्हणतात आणि कार्ड तेच मोजतं. नेवाडाचं गेमिंग कंट्रोल बोर्ड दर महिन्याला आकडे प्रसिद्ध करतं. त्यांत पेनी मशीनं लावलेल्या पैशाचा साधारण दहावा हिस्सा ठेवून घेताना दिसतात. म्हणजे तासाला 30 डॉलर गेले. एखाद्या तासाला ती जिंकेल, एखाद्या तासाला शंभर हरेल, पण सरासरी ही. पॉइंट किती मिळाले? सीझर्सच्या योजनेचा परिचित दर म्हणजे स्लॉटवर दर 5 डॉलरच्या खेळाला एक पॉइंट आणि 100 पॉइंटांचा एक डॉलर. तीनशेचे साठ पॉइंट, साठ पॉइंटांचे 60 सेंट. तीस डॉलर देऊन साठ सेंट घेतले, आणि तेही तिथल्याच उपाहारगृहात खर्चायचे. पॉइंटांखेरीज खोलीच्या आणि ‘फ्री प्ले’च्या ऑफर घरी येतात. त्या धरल्या तरी अपेक्षित हारीचा पाचवा ते तिसरा हिस्सा परत, असा या धंद्यातला ढोबळ रिवाज आहे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावं तसं हे दान. ठेवणारा कॅसिनो, आणि घर आपलं.

याच बाईचा नवरा त्या वेळी पलीकडच्या ब्लॅकजॅकच्या टेबलावर आहे. त्याचा डाव 25 डॉलरचा. घरात गंभीर जुगारी तो आणि ‘टाइमपास’ करणारी ती, अशी दोघांचीही समजूत असते. टेबलावर मशीनसारखी मोजणी नसते. सुपरवायझर डोळ्यांनी अंदाज घेऊन सरासरी डाव आणि बसलेला वेळ लिहितो. तासाला सत्तर हात, चार तास, म्हणजे लावलेली रक्कम 7,000 डॉलर. त्यावर कॅसिनोचा फायदा दीड टक्का धरला तर त्याची अपेक्षित हार 105 डॉलर. या अपेक्षित हारीला तिथली माणसं ‘थिओ’ म्हणतात आणि सगळी खिरापत थिओवर ठरते, तुम्ही त्या दिवशी खरोखर जिंकलात की हरलात यावर फारशी नाही. चार तास साठ-साठ सेंट लावणाऱ्या बायकोचा खेळ 1,200 डॉलरचा आणि थिओ 120 डॉलर. म्हणजे कॅसिनोच्या दृष्टीने मोठं गिऱ्हाईक ती आहे. तिचं स्वतःचं कार्ड असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत तिच्या नावाने येणाऱ्या ऑफरवरून ही गोष्ट घरात उघड होते. कधी भांडणही होतं, होऊ द्यावं. दोघं एकाच कार्डावर खेळली तर खात्यावर 225 दिसतात, कार्डावरचं नाव नवऱ्याचं असतं, आणि ‘माझ्या खेळामुळे खोली फुकट मिळाली’ असं तो प्रामाणिकपणे समजतो. तिची हार त्याच्या प्रतिष्ठेत विरघळून गेलेली असते. आपण तासाला तीस डॉलर घालवतो आहोत हे तिलाही कुणी सांगत नाही, कारण तिच्या नावाने ते कुठेच लिहिलेलं नाही.

यावर सल्लागार म्हणतील, ते असू दे, पण 225 ला 105 पेक्षा मोठी ऑफर येते की नाही? येते. पण 105 आणि 120 अशा दोघांना दोन ऑफर येतात त्यांची बेरीज करा. जो भाग थिओच्या प्रमाणात परत मिळतो तो एका कार्डावर घेतला काय आणि दोन कार्डांवर काय, तेवढाच असतो. तीस टक्क्यांनी साडेसदुसष्ट डॉलर इकडे, साडेसदुसष्ट डॉलर तिकडे. उलट दोन वेगळ्या खात्यांवर दोन-दोन रात्रींची खोली आली तर त्या एकामागोमाग लावून चार रात्री काढता येतात, ही युक्ती जाणकार जोडपी करतातच. एकत्र खेळण्याचा फायदा फक्त पायऱ्यांपाशी आहे. त्या पायरीची उंची मोजून पाहू. सीझर्सच्या डायमंड दर्जाला वर्षाला 15,000 क्रेडिट लागतात, आणि स्लॉटवर क्रेडिटही पॉइंटासारखंच दर 5 डॉलरला एक मिळतं. जादा क्रेडिटच्या योजना बाजूला ठेवल्या तर स्लॉटवर ते 75,000 डॉलरचा खेळ झाल्याखेरीज होत नाहीत. आपल्या पेनी मशीनच्या वेगाने हे 250 तास. दोघांनी वाटून घेतले तरी प्रत्येकी 125 तास, आणि दोघांची मिळून अपेक्षित हार साडेसात हजार डॉलर. त्यातून मिळणार काय, तर वेगळी रांग, माफ झालेली रिसॉर्ट फी आणि कार्डाचा बदललेला रंग. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो असा.

पायरी जवळ दिसू लागली की माणूस पळायला लागतो, हीदेखील गंमत नाही. 2006 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉफीच्या दुकानातल्या शिक्क्यांच्या कार्डावर हे तपासलं होतं. दहा कॉफीनंतर एक फुकट, तर फुकट कॉफी जशी जवळ येत गेली तशी गिऱ्हाइकं लवकर-लवकर कॉफी घेऊ लागली. बारा घरांचं कार्ड देऊन दोन शिक्के आधीच मारून दिले, तर लोक ते कोऱ्या दहा घरांच्या कार्डापेक्षा लवकर भरत, प्रत्यक्षात दहाच शिक्के मिळवायचे असूनही. जोडप्याच्या सामाईक कार्डात हे आधी मारलेले शिक्के जोडीदाराने मारून ठेवलेले असतात. रात्री अकरा वाजता दमून खोलीवर परतायची वेळ झालेली असते, आणि तेव्हा एकजण मशीनवर कार्ड घालून पाहतो तर आणखी दोनशे पॉइंट हवे. एकट्याच्या कार्डावर ही पायरी दिसलीच नसती, कारण ती फार दूर होती. एकत्र येऊन दोघांनी ती जवळ आणली, आणि आता तीच दोघांना झोपू देत नाही. दोनशे पॉइंट म्हणजे एक हजार डॉलरचा खेळ, म्हणजे आणखी शंभर डॉलर. ‘आता एवढं आलंच आहे तर’ हे वाक्य एकटा माणूस स्वतःशी बोलतो तेव्हा त्यात थोडी शरम असते. दोघांनी मिळून बोललं की ती बैठक होते.

सामाईक कार्डाच्या बाजूने खऱ्या असलेल्या दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. दोघंही इतकं किरकोळ खेळत असतील की वेगवेगळं धरल्यास कुणालाच कसलीही ऑफर येणार नाही, तर दोघांचा खेळ मिळून ती किमान मर्यादा ओलांडू शकतो आणि एखादी मधल्या वारची रात्र पदरात पडू शकते. दुसरी गोष्ट व्हिडिओ पोकरच्या पट्टीच्या खेळाडूंची. ‘नाइन-सिक्स जॅक्स ऑर बेटर’ म्हणून ओळखलं जाणारं मशीन बिनचूक खेळलं तर लावलेल्या पैशांपैकी 99.54 टक्के परत देतं, आणि त्यावर पॉइंट व ऑफर मिळाल्या तर तोटा नाहीसा होऊ शकतो. पण कॅसिनोही गणित शिकलेले आहेत. सीझर्समध्ये व्हिडिओ पोकरवर एक पॉइंट मिळवायला पाचऐवजी दहा डॉलर खेळावे लागतात, आणि असली उदार मशीनं शोधत फिरावी लागतात. शिवाय एवढ्या बारकाईने खेळणारे लोक आपला हिशेब वहीत डॉलर-सेंटांसकट ठेवतात. त्यांना कार्डावर विसंबावं लागत नाही. हे सल्लागार ज्यांना उपदेश करतात ती जोडपी अशी वही ठेवत नसतात. किरकोळ खेळणाऱ्यांना तर एकत्र कार्डाचा उलटाही फटका बसतो. ऑफर ठरते ती बहुतेक ठिकाणी खेळलेल्या दिवसांच्या सरासरीवर. नवरा तीन दिवस जोरात खेळला आणि चौथ्या दिवशी विमानतळावर निघण्यापूर्वी बायकोने त्याच कार्डावर वीस डॉलरची गंमत केली, तर भागाकारात एक दिवस वाढतो आणि सरासरी धाडकन खाली येते. ही गोष्ट सल्ला देणाऱ्यांपैकी निम्म्यांना माहीत नसावी.

सगळ्यात वजनदार आक्षेप पैशाच्या मालकीचा आहे. घर एक, पैसा एक, मग हार वेगळी मोजण्यात अर्थ काय? अमेरिकेचा आयकर कायदाही पती-पत्नीने एकत्र विवरणपत्र भरलं तर दोघांची जीत आणि दोघांची हार एकत्र धरू देतो, असं दाखवून देता येईल. बरोबर आहे. पण कायदा एकत्र करतो तो आधी वेगळं मोजल्यानंतर. 2025 अखेरपर्यंत स्लॉटवर एका डावात 1,200 डॉलर किंवा जास्त लागले की कॅसिनो कराचा फॉर्म भरून घेत असे. 2026 पासून ती मर्यादा 2,000 डॉलर झाली. तो फॉर्म ज्याला बक्षीस दिलं त्याच्या नावावर निघतो, मशीनमध्ये कार्ड कुणाचंही असो. 2017 च्या सुरुवातीला फ्लोरिडातल्या हॉलिवूड गावच्या हार्ड रॉक कॅसिनोत एका माणसाने मशीनमध्ये आपले पैसे घातले आणि शकुन म्हणून मैत्रिणीला बटण दाबायला लावलं. एक लाख डॉलर लागले. कॅसिनोने ते मैत्रिणीला दिले, कारण नियमाप्रमाणे ज्याचं बोट बटणावर तो खेळाडू. पैसे कुणाचे होते ते कुणी विचारलं नाही. मैत्री तिथेच संपली. जिंकताना कॅसिनो बोट पाहतो आणि हरताना कार्ड पाहतो. उद्या घटस्फोट झाला आणि ‘याने संसाराचा पैसा जुगारात उडवला’ असा आरोप निघाला, तर अमेरिकेतल्या अनेक राज्यांत न्यायालय तो वाटणीच्या वेळी विचारात घेतं, आणि कॅसिनोचं हारजितीचं वार्षिक विवरण पुरावा म्हणून पुढे येतं. त्यावर नाव एकाचंच. निम्मी हार माझी नव्हती, हे सिद्ध करायचं कशाने? जुगाराचा विषय निघाला की आपल्याकडे द्यूतसभा आठवणं जवळजवळ सक्तीचं आहे, म्हणून मी ती टाळणार होतो. पण द्रौपदीने दूताकरवी विचारलेला प्रश्न नेमका हिशेबाचा होता: आधी कोण हरलं, आणि कुणाच्या खात्यावर? भीष्मांना त्याचं उत्तर देता आलं नाही.

‘कॅसिनोच खाती जोडून देतात, मग त्यात गैर ते काय?’ असंही विचारलं जातं. काही कॅसिनो देतात हे खरं. बऱ्याच जणांच्या नियमांत मात्र कार्ड खातेदाराखेरीज कुणी वापरू नये, वापरल्यास पॉइंट रद्द होतील असं छापलेलं असतं, आणि जोडप्यांच्या बाबतीत त्याकडे काणाडोळा केला जातो. काणाडोळा का, याचं उत्तर वर आलंच आहे. 105 अधिक 120 ही बेरीज त्यांच्या लेखी चुकत नाही. काही चतुर लोक याच्या पुढे जातात: दोघांची सरमिसळ केली की कॅसिनोची माहितीच बिघडते, मग आपण त्यांना फसवतो की नाही? मला हा युक्तिवाद ऐकायला आवडतो, पण तो उलटा पडतो. नताशा डाऊ शुल यांनी ‘ॲडिक्शन बाय डिझाइन’ या 2012 च्या पुस्तकात वेगासच्या मशीनजुगाराची आतली यंत्रणा तपशिलाने उलगडली आहे. खेळणारा किती हरल्यावर वैतागून उठेल याचा अंदाज संगणक बांधतो, आणि तो क्षण जवळ आला की जेवणाचं कूपन किंवा थोडा फुकट खेळ घेऊन एक हसतमुख कर्मचारी शेजारी येऊन उभा राहतो. दोन माणसं एका कार्डावर खेळली तर त्या संगणकाला दोघांची भूक आणि दोघांचा दम असलेला एकच कल्पित जुगारी दिसतो. मग घरी येणारी आमिषंही त्या कल्पित माणसाच्या मापाची येतात, आणि ज्याच्या नावाने येतात तो मात्र एकटा असतो. पुढे बायकोने खेळणं सोडलं, ती आजारी पडली, वेगासला येईनाशी झाली, तरी नवऱ्याला बोलावणं दोघांच्या मापाचंच येत राहतं. माहिती बिघडली खरी. पण बिघडलेल्या मापाचा अंगरखा आपल्याच घरातल्या माणसाच्या अंगावर आला.

आणि या कार्डाचा एकच उपयोग असा आहे जो खेळणाऱ्याच्या बाजूचा आहे: लगाम. मिसुरी राज्याने बोटींवरच्या कॅसिनोंना परवानगी देताना दोन तासांच्या एका फेरीत 500 डॉलरपेक्षा जास्त खेळायला घेता येणार नाहीत अशी मर्यादा घातली होती, आणि ती पाळली जावी म्हणून प्रत्येकाला कार्ड सक्तीचं होतं. ज्यांना स्वतःवर भरवसा उरला नाही त्यांनी आपलं नाव स्वतःहून बंदीच्या यादीत घालावं, ही राज्यपातळीवरची सोयही 1996 साली पहिल्यांदा मिसुरीतच झाली. 500 डॉलरची मर्यादा 2008 च्या नोव्हेंबरात मतदानाने उठवण्यात आली. कॅसिनो कंपन्यांनी त्यासाठी जोर लावला होता, यावरून ती त्यांना किती टोचत होती ते समजावं. मेलबर्नच्या क्राउन कॅसिनोची चौकशी करणाऱ्या फिंकलस्टाइन आयोगाने 2021 मध्ये कंपनीला परवाना ठेवण्यास अपात्र ठरवलं, आणि त्यानंतरच्या सुधारणांत डिसेंबर 2023 पासून तिथल्या मशीनवर खेळणाऱ्या स्थानिकांना पैशाची आणि वेळेची मर्यादा आधी ठरवून घेणं सक्तीचं झालं. सिंगापुरात तर कुटुंबीयांनाही अर्ज करून आपल्या माणसाला कॅसिनोची दारं बंद करवता येतात. या सगळ्या उपायांचा पाया एकच, एका माणसामागे एक नोंद. जोडीदाराचं कार्ड वापरायची सवय लागली की हा पाया निघून जातो. आपली मर्यादा संपली की तुझं दे, तुझी संपली की माझं घे. पॉइंटांसाठी लागलेली ही देवाणघेवाण लगामाच्या दिवशी अचानक थांबेल, अशी अपेक्षा मी तरी ठेवणार नाही.

कार्ड घातलं की मशीन कमी देतं, अशी एक समजूत जुगाऱ्यांत आहे आणि काहीजण त्या भीतीने जोडीदाराचं ‘नशीबवान’ कार्ड वापरतात. ती अंधश्रद्धा आहे. आकडा ठरवणारा भाग आणि कार्ड वाचणारा भाग वेगळे असतात. तसंच, सज्ञान माणसांना हे शहाणपण शिकवणारा मी कोण, हाही प्रश्न रास्त. कुणी आपल्या कमाईतले चारशे डॉलर एका रात्रीत मजेत घालवले तर त्यात मला काही म्हणायचं नाही. नाटकाला, क्रिकेटच्या सामन्याला तेवढे जातातच. फक्त चारशे घालवायला गेलेल्याला चारशेच गेले का हे कळलं पाहिजे, आणि सामाईक कार्ड नेमकं तेच कळू देत नाही. अमेरिकेत मुलाकडे गेलेले आईवडील त्याच्या कार्डावर ‘जरा दोन डाव’ खेळतात तेव्हाही हेच होतं.

आपल्याला हा विषय वाटतो तितका परका नाही. महाराष्ट्राने 1976 साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द करून टाकला. त्यामुळे मराठी जोडप्याचा कॅसिनो बहुधा पणजीला मांडवीच्या पात्रात उभा असलेला असतो. गोमंतकीयांना तिथे खेळायला 1 फेब्रुवारी 2020 पासून मनाई आहे. म्हणजे खेळणारे जवळजवळ सगळे पाहुणे, आणि त्यांत पुण्या-मुंबईचे पुष्कळ. तिथे ‘कपल पॅकेज’ मिळतं: दोघांचा प्रवेश, जेवण, काही पेयं आणि रोख न होणारी खेळायची कुपनं. खेळायच्या चिपांच्या पूर्ण रकमेवरचा जीएसटी ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के आणि सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला आहे. म्हणजे पहिला डाव मांडण्याआधीच पैशाला भोक पडलेलं असतं. पण ‘पॅकेजमध्ये आलंय’ या दोन शब्दांनी दोघांचीही मोजणी बंद होते. वेगासच्या सामाईक कार्डाचं काम इथे पॅकेज करतं.

तेव्हा जे जाणारच आहेत त्यांना एवढंच सांगणं आहे. दोघांनी दोन कार्डं काढा, आपापलं वापरा, दुसऱ्याचं मागू नका आणि आपलं देऊ नका. डायमंड राहिलं तर राहू द्या. अमेरिकेतले मोठे कॅसिनो वर्ष संपलं की खातेदाराला त्याच्या हारजितीचं विवरण मागितल्यावर देतात, आणि त्याचे पैसे पडत नाहीत. दोघांची दोन विवरणं मागवा, आणि पुढचं तिकीट काढण्याआधी ती जेवणाच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून वाचा.